दुसऱ्या नजरेची नोंद

चित्रातल्या पाण्याच्या टाकीची शिडी डाव्या हाताला होती. कोरीटला, माझ्या गावी, आमच्या ओट्यावरून जी टाकी दिसते तिची शिडी उजव्या हाताला आहे. मी फोन टाकीच्या शेजारी धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. चित्र उलटं झालं असेल असं आधी वाटलं, पण मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं सरळ होती. टाकीचा निळा रंग जवळपास तोच. खालचं झाड मात्र कडुलिंबाचं नव्हतं. बोटांनी चित्र मोठं केलं तेव्हा पानं कडुलिंबासारख्याच दिसणाऱ्या बकाणाची निघाली. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे पहिल्या खेपेलाच दिसायला हवं होतं.

फोन मायचा होता आणि जाहिरात गुडघेदुखीच्या चूर्णाची. झाडाखाली खाटेवर एक म्हातारी बसली होती, पुढ्यात अंगणभर मिरची पसरलेली, आणि खाली लिहिलं होतं की आपल्याच भागातल्या या आजी आता शेतापर्यंत चालत जातात.

"आपली टाकी शे ना ती," माय म्हणाली. "कामिनीनी दखाडी माले. आख्खा गावले माहीत शे."

"माय, ही आपली टाकी नाही."

"तुले आते गाव बी वयखू ई नही ऱ्हायनं का?"

वहिनी, कामिनी, चुलीकडून हसली. फडताळात चूर्णाचा डबा होता, अर्धा संपलेला. त्याच्या शेजारी मायच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती, ती मात्र भरलेली.

"त्या गोया बंद करी दिन्यात मी," माय म्हणाली. "ह्या चूर्णमा सगळं येस म्हने. आपला गावना मानूस खोटं का बर सांगीन?"

मी डबा उकिरड्यावर रिकामा केला. मायला दुसऱ्या दिवशी नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. दाब वाढलेला होता, पण फार काही बिघडलेलं नव्हतं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. माय वाटभर माझ्याशी बोलली नाही. चूर्ण गेल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त, आपल्या गावाचा फोटो आपला नाही म्हटल्याचं.

मला वेगळीच गोष्ट टोचत होती. ही जाहिरात मी आधी पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, एका संशोधनासाठी तपासून तिच्यापुढे शेरा लिहिला होता: ठिकाण खरं, कोरीट, टाकी आणि कडुलिंब. नंदुरबारच्या माझ्या दोन खोल्यांत, संध्याकाळी, एकटी बसून लिहिला होता. त्या दिवशी मला घराची आठवण आली असावी. मायला जे वाटलं तेच मला वाटलं होतं; फरक इतकाच की मी त्याला नोंद म्हणत होते.

पण मला लगेच धीरही आला. कारण माझ्या नोंदीवर दुसरी एक नोंद होती, जिनलची. जिनल कोरीटला कधी आली नव्हती. तिला टाकी म्हणजे नुसती टाकी दिसली असणार. माझी चूक तिच्या नजरेने अडवली असणार. दोन माणसांनी वेगवेगळं बसून काम करायचं ते त्याचसाठी.

जिनल कायद्याची. इथल्या एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची. माहेर सुरतचं, सासर नंदुरबारच्या बाजारातलं, खाली कापडाचं दुकान आणि वर घर. आमची ओळख परीक्षेच्या कामावर झाली. दुपारी डबे उघडले तेव्हा ती माझ्या भाजीकडे बघून म्हणाली, "ताई, कांदा नसता तर मी अर्धी पळवली असती." पुढच्या गुरुवारी मी कांदा-लसूण न घालता भाजी केली. मग दर गुरुवारी करत गेले. एकट्या बाईला भाजी कोणासाठी तरी करायला मिळाली की ती जरा नीट होते.

तिची पीएचडी इंटरनेटचा कायदा आणि ऑनलाइन जाहिराती यांवर होती. या विषयात आजवर कोणी काय अभ्यासलं, संशोधनाची दिशा कशी बदलत गेली, हे तिने दुसऱ्या प्रकरणात मांडलं होतं आणि ते मला वाचायला दिलं होतं. आधी सगळे खाजगी माहितीबद्दल लिहीत होते, कोणी न वाचणाऱ्या लांबलचक अटींबद्दल. मग पैसे घेऊन वस्तूंची स्तुती करणाऱ्या प्रसिद्ध लोकांबद्दल लिहू लागले. मग 'हो' म्हणायला एक बटण आणि 'नाही' म्हणायला पाच पानं अशा बनवाबनवीच्या रचनांबद्दल. अलीकडे यंत्राने तयार केलेल्या चेहऱ्यांबद्दल आणि आवाजांबद्दल. मला ते प्रकरण आवडलं. शेवटी तिने लिहिलं होतं की तिच्या वाचनात आलेला जवळजवळ सगळा अभ्यास मोठ्या शहरांतला, इंग्रजी जाहिरातींवरचा आहे. जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, जी दुपारी तासभर नवऱ्याचा फोन हातात घेते, ती बाई त्यात कुठेच नाही.

त्या बाईला काय दिसतं हे जिनलला शोधायचं होतं. धानोरा, चिंचपाडा आणि आणखी काही गावांतल्या लोकांनी त्यांच्या फोनवर आलेल्या जाहिरातींची चित्रं तिच्या विद्यार्थ्यांमार्फत दिली, रीतसर परवानगीने. सहाशे जाहिराती जमल्या. प्रत्येक जाहिरात फसवी आहे की नाही, जाहिरात असल्याचं सांगते की लपवते, आपण इथलेच असल्याचा तिचा दावा खरा की खोटा, हे ठरवायचं होतं.

"मला दुसरी नजर पाहिजे," जिनल म्हणाली. "एकटीने ठरवलं तर ते माझं मत. दोघींनी एकमेकींचं न बघता ठरवलं आणि जुळलं, तर तो पुरावा."

"माझीच का?"

"तुम्ही परागकण मोजता ना. तुम्हीच सांगितलं होतं, एकच काच दोघांनी मोजायची आणि मधे बोलायचं नाही." मग हसून म्हणाली, "आणि तुम्ही कोणाच्या भिडेला पडत नाही. आमच्याकडे सगळा धंदाच भिडेवर चालतो."

नियम ठरला की काम संपेपर्यंत जाहिरातींबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तो नियम पाळण्यातही आमची गंमत चालायची. डबा खाताना ती म्हणायची, "ताई, काल एक अशी जाहिरात आली ना, एक बाबा," आणि थांबून ओठांवर बोट ठेवायची. मी म्हणायचे, "जेव." आठवडाभर ती त्या बाबावरून मला चिडवायची आणि मी ओळखायचा प्रयत्न करायचे की सहाशेपैकी तो कोणता.

काम संपल्यावर एकमताचा आकडा काढला. नुसत्या योगायोगाने जेवढं जुळू शकतं तेवढं वजा करून तो काढतात. पूर्ण जुळलं तर एक. आमचा एकाच्या जरा खाली आला. तो एक नव्हता, म्हणूनच मला तो सुंदर वाटला. मी हे कोणाला बोलले नाही, पण त्या आकड्याने मला जे सुख दिलं ते बऱ्याच वर्षांत कशाने दिलं नव्हतं. मी कमी बोलते. माणसं माझ्याशी सहमत होतात ती बहुधा विषय संपावा म्हणून. इथे एक माणूस माझ्यापासून दूर, तिच्या घरात, तिच्या वेळी बसून, तेच बघत होतं आणि तेच म्हणत होतं.

आणि जिथे जुळलं नव्हतं तिथे तर अधिकच. त्यातल्या निवडक जाहिरातींसाठी आम्ही एक दुपार माझ्या प्रयोगशाळेत बसलो; बाकीच्या पुढे बघायच्या होत्या. एक विम्याची जाहिरात होती. तिच्यातल्या नकाराच्या बटणावर लिहिलं होतं, 'नको, मला मुलांची काळजी नाही.' मी तिला फसवी म्हटलं होतं, जिनलने नव्हतं. ती म्हणाली, "ताई, ज्या बाईला हे वाचता येतं तिला राग येईल. रागावलेलं माणूस फसत नाही." मी दोन दिवस त्यावर विचार केला. शेवटी माझी नोंद बदलली. हरले होते आणि मला बरं वाटलं होतं.

मायला डॉक्टरांकडे नेलं त्याच आठवड्यात जिनलने मला घरी बोलावलं. विद्यापीठात तिचं अंतिम सादरीकरण होतं आणि त्याआधी तिला ते घरच्यांपुढे करून बघायचं होतं. चुकीची नोंद मी तिला तिथेच सांगणार होते. म्हणणार होते, माझं चुकलं, तुझं काय आलंय ते बघ.

दिवाणखान्यात तिचे सासरे जवरीलालजी लोडाला टेकून बसले होते. सासूबाई अनोखीबाई खाकऱ्याची ताटली फिरवत होत्या. नवरा, पारस, लॅपटॉप टीव्हीला जोडण्यात गुंतला होता.

"मॅडम, हिची पीएचडी म्हणजे आमचा सेल," जवरीलालजी मला म्हणाले. "दर वर्षी शेवटचे तीन दिवस. पण या वर्षी अक्षय्य तृतीयेला, तुमच्या आखाजीला, बंद. शहाद्याला नवीन दुकान काढतोय, गल्ल्यावर घरचं माणूस पाहिजे."

"त्यांना खाऊ तर द्या आधी," अनोखीबाई म्हणाल्या. "ल्यो बेटा, मेथीचा आहे."

जिनल उभी राहिली. ती चांगलं बोलते. कायद्याची कलमं तिने मागे ठेवली आणि चिंचपाड्याच्या एका बाईची दुपार पुढे घेतली. पारससुद्धा फोन खाली ठेवून ऐकू लागला. मग टीव्हीवर तो फोटो आला, खाट, मिरची, टाकी.

"थांब," जवरीलालजी म्हणाले. "ही म्हातारी इथली? तुम्ही हिला खरी मानता?"

"दावा फसवाच आहे, पापाजी. चूर्णाने काही होत नाही. पण ठिकाण खरं आहे. हे कोरीट आहे."

"कशावरून?"

"टाकी बघा ना. आणि हा कडुलिंब. ज्याने कोरीट बघितलंय तो लगेच ओळखेल." तिने माझ्याकडे हात केला. "आम्ही दोघींनी वेगवेगळं बसून हेच लिहिलंय."

माझ्या हातात खाकऱ्याचा तुकडा होता. तो मी ताटलीत ठेवला. चूक कोणाचीही होऊ शकते, हे मी रोज मुलांना सांगते. पण दोन माणसं वेगवेगळी बसली तर त्यांच्या चुका वेगवेगळ्या होतात. ही चूक करायला कोरीटमध्ये वाढलेलं असावं लागतं. त्या ओट्यावर बसून शाळेचा अभ्यास केलेला असावा लागतो.

"जिनल," मी विचारलं, "तू कोरीटला कधी गेली होतीस?"

"ही?" पारस हसला. "मॅडम, हिला घरातून कॉलेज आणि कॉलेजातून घर, एवढाच रस्ता पाठ आहे. परवा धानोऱ्याला जायचं तर म्हणे, कोणत्या दिशेला?"

जिनल हसली नाही. ती हातातल्या रिमोटकडे बघत होती. जवरीलालजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. जन्मभर गिऱ्हाइकांची तोंडं वाचलेला माणूस तो. म्हणाले, "चाय ठंडी होते, मॅडम."

निघताना जिनल मला सोडायला जिन्यापर्यंत आली. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता.

"सुरुवातीच्या मीच केल्या, ताई," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "खरंच. शंभर-सव्वाशे तरी. मग नणंदेचं लग्न निघालं. मग दिवाळीचा माल आला. मला दिवसभरात एक घंटा मिळत नव्हता. तुमच्या नोंदी माझ्याच खात्यात जमा होत होत्या, समोर दिसत होत्या. मी विचार केला, मी केल्या तरी हेच येणार."

"पण सगळंच जुळलं नव्हतं."

तिने जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाली, "सगळंच जुळलं असतं तर पहिली शंका तुम्हालाच आली असती."

म्हणजे मतभेदही तिने ठरवून घातले होते. कुठे घालायचे, किती घालायचे, आकडा कितीपर्यंत उतरला तर खरा वाटेल, हे तिने हिशोबाने केलं होतं.

"ती विम्याची जाहिरात?" मी विचारलं.

"कोणती?"

"मुलांची काळजी नाही, ती. तू म्हणाली होतीस की रागावलेलं माणूस फसत नाही."

तिने आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला आणि तो खरा होता. तिला आठवलं नाही.

"त्या दिवशी काहीतरी बोलावं लागत होतं, ताई," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर विश्वास होता म्हणूनच मी असं करू शकले. दुसरं कोणी असतं तर मी एकेक जाहिरात स्वतः तपासली असती."

हे वाक्य ती मला दिलासा म्हणून देत होती. मी जिना उतरले.

पुढचे दिवस मी कोणताच निर्णय घेतला नाही. दुसऱ्या नोंदणाऱ्या व्यक्तीने, म्हणजे मी, एक जाहीर निवेदन द्यायचं होतं की दोघींनी नोंदी एकमेकींच्या न बघता केल्या. त्याशिवाय प्रबंध पुढे जात नव्हता. मी निवेदन दिलं नाही आणि देणार नाही असंही म्हटलं नाही. जिनलला निरोप पाठवला की एखाद्या तिसऱ्या माणसाकडून सगळं नव्याने करून घेऊ. तिचं उत्तर आलं: 'सहा महिने लागतील ताई. आखाजीनंतर मी शहाद्याच्या गल्ल्यावर असेन. तुम्हाला माहीत आहे.'

मला माहीत होतं. ती खोटं बोलत नव्हती. लग्नानंतर शिकण्यासाठी तिने त्या घरात काय काय सोसलं होतं ते मी गुरुवारी डब्यावर ऐकलं होतं. मी नाही म्हटलं तर तिचं शिक्षण संपत होतं, आणि ते मी संपवलं असं होत होतं. मी हो म्हटलं तर सहाशे जाहिरातींवर दोन नजरा फिरल्याचं खोटं माझ्या नावाने पक्कं होत होतं, आणि पुढे कोणीतरी तो आकडा उचलून आपल्या कामाचा पाया करणार होतं. रात्री-बेरात्री मी हे तोलत बसले नाही. मी वर्गात शिकवत होते, वह्या तपासत होते, आणि प्रत्येक वेळी ते बाजूला ठेवत होते. न बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

एका गुरुवारी अनोखीबाईंनी दुकानातल्या माणसाच्या हाती पापड पाठवले. सोबत निरोप होता, पोर रडते, एकदा येऊन जा. मी पापड ठेवून घेतले आणि गेले नाही. त्या दिवशी कांदा न घातलेली भाजी मी एकटीने दोन्ही वेळेला खाल्ली.

शनिवारी कोरीटला गेले. माय गोळी घेऊन ओट्यावर बसली होती. मुद्दाम माझ्यासमोर घेत होती.

"ती मारवाड्यानी पोर येत नही का आते तुनाकडे?" तिने विचारलं.

मी तिला थोडक्यात सांगितलं. नोंदी, एकमत हे तिला कळेल असं नाही, म्हणून म्हटलं की दोघींनी बघायचं होतं, ती बघितलं म्हणाली आणि बघितलं नव्हतं.

"मंग तू तिले काय बोलनी?"

"काही नाही."

"काहीच नही?"

"अजून नाही."

मायने पाय लांब केले आणि गुडघे दाबत बसली. "मन्हं चूर्ण तू मले न इचारता उकिरडावर फेकी दिन्हं," ती म्हणाली. "एक मिंट बी लागना नही तुले. माय शे ना, मायनं फेकाले काय. बाहेरना मानूस ऱ्हायना की तुन्हं त्वांड बंद."

"माय, तिचं शिक्षण आहे त्यात."

"व्हई ना. मन्हा पाय व्हतात." मग म्हणाली, "तिले बी सांग. ती बिचारी वाट दखी ऱ्हायनी व्हई. हो म्हनशी का नही, ते तुन्हं तू दख."

वहिनी चहा घेऊन आली आणि विषय ज्वारीकडे गेला.

जिनल मंगळवारी संध्याकाळी माझ्या घरी आली. ती वाळली होती. ओढणी खांद्यावरून घसरली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. दारातच म्हणाली, "पाच मिनिटं, ताई. बसत नाही," आणि मग बसली.

"माझ्या गाईड सरांनी उद्यापर्यंतच वेळ दिलाय," ती म्हणाली. "आता सगळं ऑनलाइन झालंय, तुम्हाला कुठे जायचं नाही. मी सगळं भरून आणलंय. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांगा. बस."

तिने फोन माझ्यापुढे धरला. वर माझं नाव, पद, महाविद्यालय. खाली निवेदन: आम्ही दोघींनी सर्व नोंदी एकमेकींच्या नोंदी न पाहता, स्वतंत्रपणे केल्या आहेत. त्याच्या पुढच्या चौकटीत बरोबरची खूण होती.

"ही खूण कोणी केली?"

"ती केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"पण ती माझ्या नावापुढची आहे."

"ताई, मी याच विषयावर तीन वर्षं लिहितेय," ती म्हणाली. "आधीच खूण केलेली चौकट म्हणजे काय ते मला नका शिकवू. मला माहीत आहे. सगळं माहीत आहे." तिने बटण दाबलं.

माझा फोन टेबलावर थरथरला. सहा आकडे आले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला तेव्हा कळलं की ती डोकावून ते सहज वाचू शकली असती. ते ती करत नव्हती. एवढं एक मी आपणहून द्यावं असं तिला हवं होतं; ते ती स्वतः घेणार नव्हती.

"सांगा ना."

मी फोन उचलला आणि हातात धरून बसले. आकड्यांखाली लिहिलं होतं की हा क्रमांक कोणालाही सांगू नका. थोड्या वेळाने तिच्या पडद्यावर मुदत संपल्याची सूचना आली.

"परत मागवते," ती म्हणाली.

"जिनल, त्या बाबाची जाहिरात होती ना. ज्याच्यावरून तू मला आठवडाभर चिडवलंस. ती तू बघितली होतीस?"

"हो," ती लगेच म्हणाली. मग थांबली. "ती बघितली होती. ती पहिल्या शंभरातली होती. ताई, सगळंच नाटक नव्हतं. डबा नाटक नव्हता."

"मला माहीत आहे."

"मग?"

मी तिला सांगू शकले नाही की त्यामुळेच कठीण जात होतं. सगळं खोटं असतं तर चूर्णासारखं एका मिनिटात उकिरड्यावर गेलं असतं. तिने माझ्या दुपारींतल्या काही खऱ्या केल्या होत्या आणि काही बनवल्या होत्या, आणि कोणत्या कोणत्या ते मला आता कधीच वेगळं करता येणार नव्हतं. तिने मला फसवलं याहून मला हे अधिक लागलं होतं की माझ्या नजरेला ते दिसलं नाही. ती माझ्याशी सहमत आहे असं मला पाहिजे होतं, आणि तिने तेच मला दाखवलं.

तिने पुन्हा बटण दाबलं. फोन माझ्या हातात थरथरला.

"पापाजींना मी सांगितलंय की आज होईल," ती म्हणाली. "मम्मीजींनी शिरा करून ठेवलाय. तुम्ही काहीच बोलत नाही, ताई. इतके दिवस झाले. रागवा तरी. काहीतरी एक बोला."

मी फोन पालथा घालून टेबलावर ठेवला.

"ओटीपी मी सांगणार नाही, जिनल," मी म्हटलं. "उद्या अकरा वाजता मी तुझ्या सरांना भेटून सांगणार आहे की पहिल्या शंभर-सव्वाशे सोडल्या तर या सगळ्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत."